आधी तिजोरी, मग नाश्ता

महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांच्या संचालकांना आणि त्यांच्या लेखापरीक्षकांना,



यंदाच्या प्रशिक्षणात ‘सचोटी आणि मूल्ये’ या विषयावर आणखी एक व्याख्यान ठेवण्याआधी सॅम अँटर या अमेरिकन माणसाने काय काय सांगून ठेवलंय ते ऐका, एवढ्यासाठी हे पत्र. मी आपला एक साधा सभासद आणि ठेवीदार.

न्यूयॉर्कमध्ये ‘क्रेझी एडी’ नावाची टीव्ही-स्टिरिओच्या दुकानांची साखळी होती. तिच्या जाहिरातीत एक माणूस हातवारे करत, एका दमात ओरडून सांगायचा की एडीचे भाव म्हणजे निव्वळ वेडेपणा. दुकानं अँटर घराण्याची. एडी सर्वेसर्वा, सॅम त्याचा चुलतभाऊ. सुरुवातीची लबाडी कुठल्याही बाजारपेठेत चालते तशीच: रोख विक्री वहीत पुरती चढवायची नाही, गिऱ्हाइकाकडून घेतलेला विक्रीकर सरकारात भरायचा नाही, नोकरांचे पगार रोखीत हातावर टेकवायचे. पैसा घरात साठायचा आणि पुढे अंगाला बांधून इस्रायलच्या बँकेत जायचा.

मग कंपनी शेअर बाजारात आणायचं ठरलं. १९८४मध्ये शेअर विक्रीला आले. आता नफा लपवायचा नव्हता, दाखवायचा होता. त्यासाठी त्यांनी आधीची काही वर्षं चोरी टप्प्याटप्प्याने कमी करत आणली. दरवर्षी वहीत जास्त पैसा दिसू लागला आणि धंद्याची वाढ होती त्याहून कितीतरी मोठी भासली. ज्या वर्षी ते सगळ्यात कमी चोरत होते, त्याच वर्षी सगळ्यात मोठा डाव रचत होते. पुढे इस्रायलला नेलेला जुना पैसा पनामामार्गे परत आणून दुकानांची विक्री म्हणून दाखवला.

सॅमला घराण्याने हिशेबाचं शिक्षण दिलं ते याच कामासाठी. तो सनदी लेखापाल झाला आणि कंपनीचं ऑडिट करणाऱ्या फर्ममध्येच त्याने काही वर्षं नोकरी केली. तपासणीला येणारा माणूस कुठे कंटाळतो, कशाला भुलतो, कुठली कपाटं उघडत नाही, हे त्याला आतून ठाऊक होतं.

गोदामातली मोजणी कशी व्हायची ते बघा. खोक्यांच्या थप्प्या छतापर्यंत. खाली कडक इस्त्रीच्या कपड्यातला तरुण ऑडिटर, हातात मोजणीचे कागद. गोदामाचा माणूस आपुलकीने म्हणतो, साहेब, तुम्ही कशाला कपडे खराब करता, मी चढतो. वरून तो आकडा सांगतो, खाली ऑडिटर लिहून घेतो. ज्या दुकानांत मोजणी होणार हे आधी कळलेलं, तिथे दुसरीकडचा माल आणून ठेवलेला. म्हणजे तोच माल दोनदा मोजला जाणार. ऑडिटर घरी गेल्यावर त्यांच्या कागदांवरचे आकडे बदललेले. तपासणीचे सुरुवातीचे आठवडे गप्पाटप्पांत आणि खाण्यापिण्यात घालवायचे, म्हणजे शेवटी घाई होऊन सह्या होतात. १९८७मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली आणि नव्या मालकांनी माल मोजला, तेव्हा चार कोटी डॉलरहून अधिक किमतीचा माल जागेवर नव्हता.

एडी इस्रायलला पळाला, पकडून आणला गेला आणि तुरुंगात गेला. सॅमने गुन्हा कबूल केला, एडीविरुद्ध साक्ष दिली आणि सहा महिन्यांच्या नजरकैदेवर सुटला. पुढे तो विद्यार्थ्यांना आणि तपास अधिकाऱ्यांना आपल्या युक्त्या समजावू लागला. आपल्याला उपरती झाली असं तो म्हणत नाही. पकडले जाणार म्हणून साक्षीदार झालो, असं स्वच्छ सांगतो. मला हे बरं वाटतं. कॅलिफोर्नियाचा बॅरी मिन्को अशाच घोटाळ्यात तुरुंगात गेला, बाहेर येऊन पाद्री झाला, घोटाळे शोधून देणारा म्हणून नावाजला गेला, आणि पुढे शेअरचा भाव पाडण्याच्या कटात आणि आपल्याच चर्चचे पैसे लांबवल्याबद्दल पुन्हा आत गेला. माणूस सुधारला की नाही, हे ठरवत बसायला आपल्याला वेळ नाही. सॅमचा माणूस थप्पीवर कसा चढायचा, तेवढं शिकून घ्या.

कारण थप्प्या आपल्याकडेही आहेत. पीएमसी बँकेत एका बड्या कर्जदाराची खाती लपवायला हजारो बनावट खाती दाखवली गेली. २०१९च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराच्या हाती सुरुवातीला फक्त १,००० रुपये पडत होते. २०२५च्या फेब्रुवारीत न्यू इंडिया सहकारी बँकेत रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांनी रोकड मोजली आणि १२२ कोटींची तूट निघाली. त्या बँकेच्या प्रभादेवी कार्यालयातल्या तिजोरीत जेमतेम १० कोटी मावतात, अशाही बातम्या तपासाच्या हवाल्याने आल्या. कोण दोषी ते न्यायालय ठरवेल. पण ही तूट निघण्याआधी ज्यांनी ज्यांनी रोख शिलकेवर सही केली, त्यांच्यापैकी कोणी तिजोरीचं दार उघडून आत नुसतं डोकावलं तरी होतं का, हा प्रश्न मला पडतो.

बँकेत ऑडिटर आले की काय होतं ते आपण जाणताच. मॅनेजरच्या केबिनमध्ये एसी वाढवला जातो, बशीत काजू येतात, ‘साहेब, आधी नाश्ता करून घ्या’ होतं. कॅशिअर रजिस्टर केबिनमध्येच आणून देतो. यात वाईट हेतू असेलच असं नाही, बहुतेकदा नसतोच. पण अँटर मंडळींचा सगळा धंदा याच अगत्यावर चालला होता.

म्हणून मागणी साधी आहे. न कळवता या. शाखांच्या तिजोऱ्या एकाच वेळी उघडा, म्हणजे सकाळी इथली रोकड दुपारी तिथे दिसणार नाही. बंडलाची वरची-खालची नोट बघून पुढे जाऊ नका. मोजणीचे कागद रात्री बँकेच्या कपाटात ठेवू नका. आणि संचालकहो, मोजायला बसलेल्या माणसाला ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं विचारू नका.

येत्या वार्षिक सभेच्या अहवालात लाभांशाच्या शेजारी चार ओळी छापा: वर्षभरात न कळवता तिजोरी किती वेळा उघडली, कोणी मोजली, पुस्तकी शिल्लक किती होती, हाती किती आली. त्या ओळी नसतील, तर ‘मंजूर, मंजूर’चा गजर सुरू होण्याआधी मी उभा राहून हेच विचारणार आहे.

कळावे,
आपला एक सभासद