हे काळं ऑइल कोणाच्या अंगावर?

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी माझ्या गाडीचं ऑइल आणि फिल्टर बदलत होतो. कोमट इंजिन, गाडी स्टँडवर, चेंबरचा नट सोडला, ऑइल घमेल्यात उतरलं. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइल चोळून तो हातानेच आवळला.

शेजारी म्हणाले, "इंजिनिअर होऊन हे काय?" तिसऱ्या मजल्यावरचे काका हेच करतात तेव्हा त्याला छंद म्हणतात. मी हसून सोडून दिलं. पण ते पुढे म्हणाले, "काळं ऑइल गटारात ओता, झालं."

त्या गटारात उद्या कोण उतरणार? सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी माणसं उतरवली जातात, आणि त्यांची जात आपल्याला विचारावी लागत नाही. वापरलेलं ऑइल नियमाने घातक कचरा आहे. मी ते कॅनमध्ये भरून, परवानाधारक रिसायकलरला ऑइल देणाऱ्या गॅरेजवर नेऊन दिलं.

मित्रांनो, दुसऱ्यांची घाण आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून आईबापाने आपल्याला शिकवलं. हात खुशाल काळे करा. पण आपली घाण आपल्याच माणसाच्या डोक्यावर सोडणार असाल, तर ती पदवी कशाला मिळवली?

जय भीम.