बांध सरकतो तो संगणकात!

शेताची मोजणी हा ग्रामीण महाराष्ट्रात अजूनही गाव गोळा करणारा प्रसंग असतो. नोटिसा बजावल्या गेलेल्या असतात, लगतचे खातेदार बांधावर उभे असतात, पंच म्हणून चार जाणती माणसे आलेली असतात आणि सर्वांचे डोळे भूकरमापकाच्या हातातील साधनावर खिळलेले असतात. पूर्वी त्या हातात साखळी असे. पुढे प्लेन टेबल आले, मग ईटीएस यंत्र आले. आता रोव्हर नावाचा दांडा आला आहे. उपग्रहांचे संदेश टिपणारा हा दांडा हद्दीच्या दगडावर टेकवला, की त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश काही सेंटीमीटरच्या अचूकतेने मिळतात. साखळीने दिवसभर चालणारे काम तास-दोन तासांत उरकते.

एवढी अचूकता आल्यावर बांधावरची भांडणे मिटायला हवीत, अशी अपेक्षा ठेवणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात नवा आकडा कितीही अचूक असला, तरी त्याची तुलना करायची असते ती शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशाशी. ही तुलना शेतात पंचांसमोर होत नाही. ती कार्यालयातील संगणकावर, एका प्रणालीतील आकडे दुसऱ्या प्रणालीत बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साह्याने होते. पूर्वी बांध नांगराने कोरला जाई आणि तो निदान दिसे. संगणकात सरकलेला बांध कोणालाच दिसत नाही.

हा प्रश्न केवळ शेतकऱ्यांचा आहे, असे शहरी वाचकाने समजू नये. गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करणाऱ्या स्वामित्व योजनेतून १८ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवशी देशभरात ६५ लाखांहून अधिक मालमत्ता पत्रकांचे वाटप झाले. पाठोपाठ १८ फेब्रुवारी २०२५ रोजी देशातील १५२ शहरांसाठी ‘नक्शा’ हा नागरी भूमापनाचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात भूमी अभिलेख विभागाने ई-मोजणीच्या नव्या आवृत्तीत नकाशे अक्षांश-रेखांशांशी जोडण्याचा मार्ग धरला आहे, आणि त्यासाठी लागणारी कॉर्स ही कायमस्वरूपी उपग्रह-संदर्भ केंद्रेही राज्यभर उभी राहिली आहेत. गुंठ्या-दोन गुंठ्यांचा भूखंड घेऊन ठेवलेल्या नोकरदारापासून पुनर्विकासाच्या प्रतीक्षेतील सोसायटीपर्यंत सर्वांच्या हद्दी या प्रक्रियेतून जाणार आहेत.

एकाच जागेचे दोन पत्ते

अक्षांश-रेखांश म्हणजे पृथ्वीवरील जागेचा निर्विवाद पत्ता, अशी आपली शालेय समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. पृथ्वी नेमकी गोल नसल्याने मोजणीसाठी तिचा एक गणिती आकार गृहीत धरावा लागतो. तो आकार किती मोठा, किती चपटा आणि कुठे टेकवलेला, यावर पत्ता अवलंबून असतो. या गृहीतकांच्या संचाला भूमापनशास्त्रात डेटम, म्हणजे संदर्भप्रणाली, म्हणतात.

विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला प्रारंभ केला. त्याचा वारसदार जॉर्ज एव्हरेस्ट याने त्या मोजमापांवरून पृथ्वीचा जो आकार काढला, तो ‘एव्हरेस्ट १८३०’ या नावाने ओळखला जातो. मध्य प्रदेशातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हा त्याचा आरंभबिंदू. हा आकार भारतीय उपखंडावर नीट बसावा अशा बेताने टेकवलेला होता. साहजिकच त्याचे केंद्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्रापासून सुमारे आठशे मीटर बाजूला पडते. उपग्रहांवर चालणारी जीपीएस यंत्रणा मात्र डब्ल्यूजीएस-८४ ही जागतिक प्रणाली वापरते आणि तिचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळवलेले आहे. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या दोन्ही प्रणालींत वेगळी असून तो फरकच सुमारे ८६१ मीटरचा आहे.

परिणाम असा, की एव्हरेस्ट प्रणालीतील अक्षांश-रेखांश कोणतेही रूपांतर न करता जीपीएसमध्ये भरले, तर पुण्याच्या परिसरात आपण मूळ जागेपासून शंभर मीटरहून अधिक दूर जाऊन उभे राहतो. भारताने २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणात नागरी वापराच्या नकाशांसाठी डब्ल्यूजीएस-८४ स्वीकारली. तथापि त्याआधीच्या दीड शतकातील नकाशांचा साठा जुन्याच प्रणालीत आहे. म्हणजे रूपांतर अटळ आहे. ते कोणत्या आकड्यांनी करायचे, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकी संरक्षण खात्याच्या नकाशा संस्थेने भारत व नेपाळसाठी प्रसिद्ध केलेले तीन आकडे, २९५, ७३६ आणि २५७ मीटर, हे जगभरातील सॉफ्टवेअरमध्ये आयते मिळतात. पण त्याच संस्थेने या आकड्यांपुढे अनिश्चितताही नोंदवली आहे: अनुक्रमे १२, १० आणि १५ मीटर. डोंगर किंवा तालुका दाखवायला एवढे पुरे. जमिनीच्या बाबतीत हिशेब निराळा होतो. आपला गुंठा म्हणजे तेहतीस फुटी साखळीचा चौरस, म्हणजे जेमतेम दहा मीटरची एक बाजू. दहा मीटरची चूक झाली, तर शेजाऱ्याचा अख्खा गुंठा आपल्या अंगणात येतो.

यादीतील चुकीचा पर्याय

हे रूपांतर करणारी साधने आज दुर्मीळ राहिलेली नाहीत. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात १९८० च्या दशकात आकाराला आलेले ‘प्रोज’ हे मुक्त सॉफ्टवेअर आज अनेक नकाशा-प्रणालींच्या पोटात काम करते. फुकट मिळणारे क्यूजीआयएसही त्यावरच चालते. जगातील संदर्भप्रणालींना सांकेतिक क्रमांक देणारी ईपीएसजी ही सूची मूळ युरोपातील तेल कंपन्यांच्या सर्वेक्षकांनी तयार केली. वापरणाऱ्याने यादीतून एक क्रमांक निवडायचा आणि कळ दाबायची, एवढेच काम उरते. धोका या सोपेपणात आहे.

एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. या सूचीत ‘इंडियन १९७५’ नावाची एक प्रणाली आहे. नाव वाचून कोणीही ती भारताची समजेल. ती आहे थायलंडची! एव्हरेस्टचा आकार ब्रिटिशांच्या काळात पूर्वेकडेही गेला, त्याचा हा अवशेष. भारतासाठीची प्रणाली त्याच सूचीत ‘कल्याणपूर १९७५’ या नावाने आहे.

दुसरी अडचण खास महाराष्ट्राची. मीटरमध्ये निर्देशक देणाऱ्या यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले असतात आणि ७८ पूर्व रेखावृत्त ही ४३ व ४४ क्रमांकांच्या पट्ट्यांची सीमा आहे. ही रेषा विदर्भातून जाते. अकोला एका पट्ट्यात, तर वर्धा आणि नागपूर दुसऱ्या. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ती ओलांडतो. दोन्ही पट्ट्यांत आकडे मात्र सारखेच दिसतात. नागपूर शहरातील जागेचे निर्देशक चुकून ४३ व्या पट्ट्याचे समजले गेले, तर ती जागा सहाशे किलोमीटरहून अधिक पश्चिमेला, गुजरातेत बारडोलीजवळ जाऊन पडते. ज्या तालुक्याने १९२८ मध्ये जमीन महसुलासाठी सत्याग्रह केला, तिथे नागपूरकराची जमीन निघावी, हा योगायोग गमतीचा खरा. एवढी मोठी चूक निदान लगेच ध्यानात येते. घात करतात त्या लहान चुका.

क्षेत्रफळ ही अशीच एक जागा. गोलाकार पृथ्वी सपाट कागदावर आणताना यूटीएम पद्धत अंतरे थोडी आखडते किंवा ताणते. अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या दरम्यान असलेल्या ७५ पूर्व रेखावृत्तावर एक हेक्टर जमीन नकाशात सुमारे ८ चौरस मीटरने कमी भरते, तर ७८ रेखावृत्ताजवळ सुमारे १६ चौरस मीटरने जास्त. दोन टोकांमधील फरक हेक्टरी पाव गुंठ्याचा. चांगले सॉफ्टवेअर पृथ्वीच्या वक्र पृष्ठावर क्षेत्र मोजून हा दोष काढू शकते, परंतु तसा पर्याय निवडावा लागतो.

कागद ताणला, की जमीन ताणते

याहून अवघड भाग पुढेच आहे. आपले गावनकाशे मुळात एव्हरेस्ट प्रणालीतही नाहीत. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात इंदापूरपासून जी महसुली पाहणीची पद्धत रुजवली, तिचा हेतू सारा ठरवणे हा होता. शेत शंकू-साखळीने मोजायचे, मापे टिपणात लिहायची आणि शेताला शेत जोडत गावाचा नकाशा करायचा, अशी ती रीत. पुढे १९४७ च्या कायद्यानुसार एकत्रीकरण झाले, गट पडले, हिश्श्यांच्या फाळण्या झाल्या. या साऱ्या कागदांना अक्षांश-रेखांश नाहीत. त्यातच कागद दमटपणाने आक्रसलेले, घड्यांवर विरलेले.

असा नकाशा संगणकात घेतल्यावर, जमिनीवर अजून शाबूत असलेले जुने दगड, शिवेचे तिवढे, विहिरी यांच्याशी तो जुळवावा लागतो. सॉफ्टवेअर त्यासाठी अनेक पद्धती देते. पहिलीत नकाशा फक्त सरकतो, फिरतो आणि सर्वत्र सारख्या प्रमाणात लहानमोठा होतो. शेतांचे आकार बिघडत नाहीत, पण काही दगडांशी मेळ बसत नाही. दुसरीत आडव्या आणि उभ्या दिशेला प्रमाण वेगळे ठेवता येते. कागद एकाच दिशेने आक्रसला असेल तर ती उपयोगी पडते. तिसरीत नकाशा रबरी पडद्याप्रमाणे ओढून प्रत्येक खुणेवर बसवला जातो.

ही तिसरी पद्धत सर्वांत मोहक आहे, कारण तिच्या अहवालात निवडलेल्या खुणांवर चूक शून्य दिसते. वस्तुतः चूक नाहीशी झालेली नसते. ती दोन खुणांच्या मधल्या शेतांवर ढकलली गेलेली असते. निवडलेला एखादा दगड कोणी पूर्वीच हलवलेला असेल, तर त्या लबाडीवर संगणकाचे शिक्कामोर्तब होते. पहिल्या पद्धतीत तोच दगड न जुळणारा म्हणून उठून दिसला असता. म्हणजे कोणती पद्धत निवडली, यावर कोणाच्या सातबाऱ्यावरील क्षेत्र जागेवर भरणार आणि कोणाचे तुटणार, हे ठरू शकते. हा निर्णय घेणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याच्या परिणामांची पुरती जाणीव करून दिली जाते का, हे वरिष्ठांनी तपासायला हवे.

टिपणातील मापे साखळी आणि आणे यांत असत. सोळा आण्यांची साखळी तेहतीस फुटांची, म्हणजे एक आणा जवळपास दोन फुटांचा. ज्या नोंदीचे लहानात लहान माप दोन फूट आहे, तिच्याशी सेंटीमीटरने बोलणाऱ्या यंत्राची तुलना करून फूटभर फरकाला ‘अतिक्रमण’ म्हणणे शास्त्राला धरून नाही. तो फरक शेजाऱ्याच्या लबाडीचा नसून साखळीच्या मर्यादेचा असण्याची शक्यता अधिक.

‘क’ प्रतीवर चार ओळी

अन्य देशांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर खुलेपणाचे आहे. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या संस्थेने उपग्रहीय निर्देशक राष्ट्रीय जाळीत आणण्याचे रूपांतर सर्वांसाठी मोफत उपलब्ध केले आहे. ऑस्ट्रेलियाचे भूखंड वर्षाला सुमारे सात सेंटीमीटर सरकते. १९९४ ची संदर्भप्रणाली त्यामुळे जवळपास १.८ मीटरने मागे पडली, तेव्हा त्या देशाने २०२० ची नवी प्रणाली आणली आणि रूपांतराचे तपशीलही जाहीर केले. भारतीय भूखंडही ईशान्येकडे वर्षाला पाचेक सेंटीमीटर सरकते आहे. आज नोंदवलेले निर्देशक कोणत्या वर्षाचे, याची नोंद नसेल तर वीस वर्षांनी मीटरभराचा नवा वाद तयार असेल.

आपल्याकडे नकाशांभोवतीच्या गोपनीयतेमुळे असे तपशील दीर्घकाळ सामान्यांपर्यंत पोहोचले नाहीत. केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये भूस्थानिक माहितीवरील बरीच बंधने उठवली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आले. आता पुढचे पाऊल राज्याने टाकायला हरकत नाही. मोजणीनंतर खातेदाराला मिळणाऱ्या ‘क’ प्रतीवर चार ओळी वाढवाव्यात: निर्देशक कोणत्या प्रणालीतील आणि कोणत्या वर्षाचे, जुना नकाशा कोणत्या पद्धतीने जुळवला, त्यासाठी कोणत्या खुणा वापरल्या आणि त्या जुळणीत शिल्लक राहिलेली चूक किती. हे आकडे सॉफ्टवेअर काढतेच. ते छापण्याला फारसा खर्च नाही. त्याच्या आधारे दुसरा सर्वेक्षक दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीच तुलना करून पाहू शकेल, आणि अपिलात अधिकाऱ्यापुढे ‘यंत्राने सांगितले’ याहून ठोस काही असेल.

साखळीच्या मोजणीत दोष अनेक होते. पण साखळी धरणारे हात दोन्ही बाजूंच्या खातेदारांना दिसत आणि ती ढिली पडली, तर कोणी तरी ओरडून सांगे. रोव्हर आणि संगणक यांच्या मोजणीत ती सोय उरलेली नाही. तिच्या जागी त्या चार ओळी आल्या नाहीत, तर बांधावर मिटलेला वाद दिवाणी न्यायालयात पुन्हा उभा राहील आणि तिथल्या तारखा मोजायला कोणतेही यंत्र पुरणार नाही.