लेकराच्या मेंदूची तपासणी : दादीचे चुकले का?

आमच्या वर्गातील एका मुलीच्या तीन वर्षांच्या भावाला दोनदा आकडी आली. डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. उर्शाहून पहाटे निघून घरची माणसे पुण्याला पोहोचली आणि तपासणी न होताच परतली. लेकरू भुकेने रडते म्हणून दादीने निघताना दूध-बिस्किट दिले होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारताच दादीने ते सांगून टाकले आणि तारीख पुढे गेली. आता घरात सगळे दादीलाच बोलतात.

उपाशी ठेवायचे कशासाठी? भुलेत उलटी झाली, तर पोटातले अन्न श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतू शकते. म्हणून साधारणपणे वरचे दूध 6 तास, आईचे दूध 4 तास आणि साधे पाणी 2 तास आधी बंद करतात. घन खाणेही निदान 6 तास आधी थांबवतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ मात्र शेवटची.

मग भूल तरी कशाला? एमआरआय म्हणजे क्षणात निघणारा फोटो नव्हे. अर्धा-पाऊण तास डोके स्थिर लागते, यंत्र ठकठक आवाज करते आणि जरा हलले की चित्र पुसट येते. तीन वर्षांच्या मुलाला हे कसे समजवायचे? तान्ह्या बाळाला पाजून, दुपट्यात गुंडाळून, कान झाकून झोपवले, तर पुष्कळदा भुलेशिवाय काम होते. सात-आठ वर्षांच्या मुलाला घरीच पुतळ्याचा खेळ शिकवता येतो. मधल्या वयाची मुले सर्वांत अवघड.

सीटी स्कॅन लवकर होतो, पण त्यात क्ष-किरण असतात आणि वाढत्या शरीराला ते अधिक बाधू शकतात. म्हणून तो गरजेपुरताच करतात. डोक्याला जबर मार लागला असताना डॉक्टरांनी सांगितला, तर नाही म्हणू नये. बाळाची टाळू भरलेली नसेल, तर तिच्यावरून सोनोग्राफी करता येते. त्यात ना भूल, ना क्ष-किरण. पण टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते आणि सोनोग्राफीत सगळेच दिसते असेही नाही.

चित्र वाचणेही सोपे नसते. बाळाच्या मेंदूतील तंतूंवरचे आवरण अजून तयार होत असते, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांचे चित्र मोठ्यांच्या चित्राच्या जवळजवळ उलटे दिसते. म्हणून मुलांची चित्रे वाचण्याचा सराव असलेले डॉक्टर हवेत. रिपोर्ट वाचून घरीच निदान करू नये. रिपोर्ट चांगला आला म्हणजे आकडीचा आजार नाही, असेही समजू नये. त्यासाठी ईईजी ही वेगळी तपासणी असते.

एक नाजूक गोष्ट. यंत्राचे चुंबक सतत चालू असते. तावीज, बाळी, कमरेची साखळी, सेफ्टी पिन सगळे काढावे लागते, सुरमाही पुसावा. शरीरात काही यंत्र किंवा नळी बसवलेली असेल, तर ते आधी सांगावे. तावीज काढताना दादीचा हात थरथरतो, हे आम्ही जाणतो. पण त्या अर्ध्या तासात अल्लाहची हिफाजत कुठे जात नाही. दुआ करावी आणि सांगितलेली तयारीही करावी, तवक्कुलचा अर्थ हाच.

आकडी लपवणारी घरेही आम्ही पाहतो. लोक काय म्हणतील, पुढे लग्नाचे काय, ही भीती असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत किंवा शाळेत आले, की त्यांना सारे मोकळेपणाने सांगावे.

आता दादीविषयी. तिने दूध दिले ही चूक मायेपोटी झाली. पण घरच्यांच्या रागाला न घाबरता खरे सांगितले, म्हणून लेकरू धोक्यातून वाचले. नव्या तारखेला दादीला घरी ठेवू नका, सोबत न्या. अल्लाह त्या लेकराला शिफा देवो. आमीन.