बिघाड शोधण्याचीही मजुरी असते
वायरलेस दिव्यांच्या निमित्ताने व्यापारी आणि कारीगर बांधवांशी दोन शब्द

सोलापुरात कापडाचे नवे शोरूम, इस्पितळ, मंगल कार्यालय किंवा चादर-टॉवेलचे गोदाम उभे राहते तेव्हा भिंतीवरच्या बटणांबरोबर आता वायरलेस नियंत्रणाचीही मागणी होऊ लागली आहे. मोबाईलवरून दिवे लावावेत, माणूस आत आला की आपोआप उजेड व्हावा, ठरल्या वेळी दुकानाची पाटी विझावी, असा हा प्रकार आहे. नीट चालला तर वीजबिल वाचते. कटकट सुरू होते ती बिघाड झाल्यावर. अर्धे दिवे लागत नाहीत, काही विझत नाहीत, आणि मालक व वायरमन एकमेकांसमोर उभे ठाकतात. मालक म्हणतो काम कच्चे केले, वायरमन म्हणतो माल खराब आहे. शेवटी कंपनीच्या माणसाची वाट पाहिली जाते किंवा सगळे काढून नवे बसवले जाते.

या भांडणाचे मूळ तारांत नाही आणि वायरलेसमध्येही नाही, ते आपल्या व्यवहारात आहे, असे आम्हांला वाटते. बिघाड शोधण्याच्या श्रमाला आपण श्रमच मानत नाही. वायरमन दोन तास शिडीवर चढून दोष शोधतो आणि एक सैल तार आवळतो, तेव्हा शेठजी म्हणतात, "एवढ्याचे कसले पैसे?" तोच वायरमन तीन नवे भाग आणून बसवतो, तेव्हा मात्र त्याचे बिल निमूटपणे दिले जाते. मग त्याने दोष शोधावा की भाग विकावेत? चांगला भाग खराब म्हणून बदलणे ही उघड बेइमानी आहे, यात दुमत नाही. पण त्या वाटेवर कारीगराला ढकलण्यात मालकाचाही हात असतो, हे कबूल केले पाहिजे.

दोष शोधणे हे किती कसबाचे काम आहे ते थोडक्यात पाहू. पहिली तपासणी वायरलेसची नसून वीजपुरवठ्याची असते. आपल्याकडील जुन्या इमारतींत बटणाच्या बोर्डात बहुधा फेजच आणलेली असते, न्यूट्रल थेट दिव्याकडे गेलेली असते. न्यूट्रलशिवाय चालणारे वायरलेस मॉड्यूल अशा बोर्डात बसवले की त्याला लागणारी थोडी वीज दिव्यातूनच वाहते. त्यामुळे एलईडी बंद असतानाही मिणमिणते किंवा फडफडते. दिवा बदलून हा दोष जात नाही. एमसीबी पाडून मॉड्यूल वगळावे आणि दिवा थेट जोडून पाहावा. तो नीट लागला व विझला, तर दिवा निर्दोष ठरतो.

दुसरी तपासणी रिलेची. एलईडी दिवा चालू होताना क्षणभर त्याच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. एका रिलेवर वीस-पंचवीस दिवे टाकले तर वॅटचा हिशेब बरोबर असूनही त्याचे टोक चिकटते आणि दिवे विझेनासे होतात. मोबाईलवर 'बंद' दिसते आणि छताला उजेड असतो. याला लोक वायरलेसचा दोष म्हणतात. तिथे दिवे दोन-तीन रिलेंवर वाटून देणे किंवा जास्त क्षमतेचा कॉन्टॅक्टर बसवणे हाच इलाज आहे.

वायरलेसची पाळी येते ती यानंतर. यातील बरीच उपकरणे २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतात. वायफाय आणि ब्लूटूथचीही गर्दी तिथेच असते. मॉड्यूल पत्र्याच्या पेटीत बंद केले किंवा मध्ये लोखंडी रॅक आले की संदेश क्षीण होतो. काही व्यवस्थांत एक दिवा दुसऱ्या दिव्याला संदेश पुढे देतो. अशा ठिकाणी रखवालदाराने काटकसर म्हणून मधल्या दिव्यांचा मेन स्विच पाडला, की पलीकडचे दिवे ऐकेनासे होतात. मालकाच्या मुलाने नवा राऊटर आणला आणि वायफायचे नाव व पासवर्ड बदलला, तर त्यावर चालणारी सगळी बटणे एकदम मुकी होतात. यात बदलण्यासारखा एकही भाग नसतो. चौकशी करणारा माणूस मात्र हवा असतो.

एक कारण तर खास आपल्या हवेचे आहे. माणूस ओळखणारा साधा सेन्सर शरीराची उष्णता आणि आसपासची उष्णता यांतील फरक टिपतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या गोदामातील हवा शरीराइतकीच तापली की हा फरक जवळजवळ उरत नाही. समोर हमाल गठ्ठे उचलत असतो आणि दिवे विझतात. तोच सेन्सर पहाटे बिनचूक चालतो. दुपारी कितीही नवे सेन्सर बसवले तरी फळ तेच मिळणार. तिथे दुसऱ्या जातीचा सेन्सर घ्यावा किंवा साधे बटण ठेवावे. हे एका वाक्यात सांगू शकणारा कारीगर मालकाचे हजारो रुपये वाचवतो. त्या वाक्याची किंमत काय, हा आमचा प्रश्न आहे.

आता कारीगर बांधवांसाठी. शोधण्याची मजुरी मागायची, तर काम झाल्यावर ज्ञान खिशात घालून निघून जाता येणार नाही. पासवर्ड आपल्याच मोबाईलमध्ये ठेवायचा, म्हणजे मालकाला पुन्हा आपल्याकडेच यावे लागेल, असा हिशेब काही जण करतात. तो पासवर्ड मालकाची अमानत आहे. तो अडवून धरणे म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाची किल्ली आपल्या खिशात ठेवणे होय.

किल्ली दुसऱ्याच्या हाती राहिली की काय होते, याचा दाखला अमेरिकेत घडला आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्ब्रहॅम येथील मिनेचॉग शाळेत सुमारे ७,००० दिवे एकाच संगणकीय व्यवस्थेवर होते. ऑगस्ट २०२१ मध्ये ती व्यवस्था कोलमडली आणि दिवे रात्रंदिवस जळत राहिले. काही ठिकाणी शिक्षकांना हाताने बल्ब काढावे लागले. व्यवस्था बसवणाऱ्या कंपनीची मालकी मधल्या काळात बदललेली होती. दुरुस्ती पुरी व्हायला २०२३ साल उजाडले. श्रीमंत देशातील शाळेची ही गत, तर आपल्या विजापूर वेशीतील दुकानदाराने कोणाच्या भरवशावर राहावे?

आपल्या परंपरेत याचे उत्तर आहे. अल-जझरी या यंत्रकाराने १२०६ साली आपला ग्रंथ पुरा केला. त्यात प्रत्येक यंत्र कसे घडवायचे व जोडायचे ते त्यांनी आकृत्यांसह लिहून ठेवले. दुसऱ्या कारीगराला ते करता यावे, हाच हेतू होता. हुनर वाटल्याने त्यांचे नाव कमी झाले नाही, आठशे वर्षे टिकले. आमच्या वायरमन बांधवाने निदान एक कागद लिहावा. कोणते मॉड्यूल कोणत्या दिव्यावर आहे, पासवर्ड काय, बसवल्याची तारीख कोणती, इतके लिहून तो कागद मालकाच्या हाती द्यावा.

आमच्या सूचना मोजक्या आहेत. मालकाने बोलावतानाच तपासणीची मजुरी ठरवावी, ती दुरुस्तीच्या बिलापासून वेगळी धरावी आणि दोष लहान निघाला तरी पुरी द्यावी. कारीगराने बदललेला जुना भाग मालकासमोर ठेवावा व का बदलला ते सांगावे. जिना, बोळ आणि मुख्य दालन येथे वायरलेसशिवाय चालणारे एक साधे बटण असलेच पाहिजे. विजापूर रोडच्या आयटीआयमधून शिकून आलेल्या मुलांना जुन्या उस्तादांनी सोबत घ्यावे. तारा उस्तादाला कळतात, मोबाईल शागिर्दाला कळतो. दोघे मिळून उभे राहिले तर सोलापूरचा बिघाड सोलापुरातच निघेल.

मापात खोट करणाऱ्यांविषयी कुरआनात कडक ताकीद आहे, हे आपण सर्व जाणतो. तराजू केवळ धान्याचा नसतो. निर्दोष भागाचे पैसे घेणे ही मापातील खोट आहे आणि दोन तासांच्या कसबाचे पैसे न देणे हीही तितकीच खोट आहे. दोन्ही पारडी सरळ झाली तर वायरमनला हलाल रोजी मिळेल आणि दुकानात उजेडही राहील, इन्शाअल्लाह.