स्वर्गींचें नाणें

ख्रिस्ती धर्म मनुष्याचे डोळे आकाशाकडे लावतो आणि त्यामुळें त्याचे हात पृथ्वीवरील कामास निरुपयोगी होतात, हा आक्षेप आमच्या सुशिक्षित मित्रांच्या तोंडून नेहमीं ऐकूं येतो. तो अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. उपाशी मनुष्यास भाकरीऐवजीं परलोकाचें आश्वासन देणारे उपदेशक कोणत्या देशांत झाले नाहींत? परंतु वैद्य खोटा निघाला म्हणून वैद्यक खोटें ठरत नाहीं. मूळ शिकवण काय आहे तें आधीं पाहिलें पाहिजे.

डोंगरावरील प्रवचनांत येशूनें आपलें धन स्वर्गांत सांठविण्यास सांगितलें, हें खरें. पण त्याच प्रवचनांत शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तींत देवाची इच्छा पृथ्वीवर सिद्धीस जावी अशी मागणी आहे आणि रोजच्या भाकरीचीही आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत अखेरच्या न्यायाचें चित्र आलें आहे. भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र कोणीं दिलें, आजाऱ्याच्या व बंदिवानाच्या समाचारास कोण गेलें, एवढ्याचीच तेथें चौकशी होते. तात्पर्य, स्वर्ग ही येथून पळून जाण्याची जागा नसून येथील वस्तूंची किंमत ठरविण्याचें माप आहे. बाजारांत खणखणीत वाजणारें नाणें तेथें चालत नाहीं, आणि बाजार जें खोटें म्हणून परत करतो तेंच तेथें खरें ठरतें.

हें माप हातीं घेतल्यानें मनुष्य निष्क्रिय होतो काय? १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि तेथील निराधार मुलींना व विधवांना घेऊन आल्या. केडगांवच्या मुक्ति मिशनमध्यें शेती, विणकाम, छापखाना अशीं कामें शिकवून त्यांना स्वतःच्या पायांवर उभें केलें. अंध मुलींच्या शिक्षणाचीही सोय केली. जगाच्या वहींत या मुलींची नोंद निव्वळ तोटा म्हणूनच झाली असती. डोळे आकाशाकडे असलेल्या बाईंना त्या दिसल्या. ज्यांचे डोळे जमिनीवर होते त्यांना कां दिसल्या नाहींत, याचें उत्तर आक्षेपकांनीं द्यावें.

दुसरें उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १९१७ सालीं, वयाची पंचावन्नी उलटल्यावर, मिशनचा पगार सोडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठीं ‘देवाचा दरबार’ उभारला. सोडलेला पगार सावकारी पेढीचा नव्हता, धर्मकार्याचाच होता. धर्माच्या घरांतही जगाचें नाणें शिरतें, हें त्यांनीं ओळखलें.

येथें एक शंका प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. स्वर्गाचा हिशेब एकानें ठेवावा आणि चुलीचा हिशेब दुसरीनें ओढावा, असेंही घडतें. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं त्यांस हें निराळें सांगावयास नको. त्यागाची किंमत त्याग करणाराच एकटा देत नाहीं. म्हणून अशा त्यागाची स्तुति करतांना घरांतील त्या दुसऱ्या माणसाचें नांव आधीं घ्यावें, असें आम्हांस वाटतें. तथापि तेवढ्यावरून तें माप खोटें ठरत नाहीं. तें महाग आहे, इतकेंच सिद्ध होतें.

आणि महाग आहे म्हणूनच आम्ही तें टाळतों. हिंदु घर असो वा ख्रिस्ती, मुलीसाठीं स्थळ पाहतांना पहिली चौकशी वेतनाची होते. रविवारीं देवळांत बसून ऐकलेलें प्रवचन सोमवारीं कचेरीच्या पायरीशीं उतरवून ठेवलें जातें. जुना विद्यार्थी भेटावयास आला कीं, आमच्याच तोंडून निघणारा पहिला प्रश्न ‘पगार किती?’ हाच असतो. तूं कोणाच्या उपयोगीं पडतोस, असें आम्ही त्यास आजवर एकदांही विचारलें नाहीं. स्वर्गाकडे पाहिल्यानें देश बुडेल ही भीति ज्या समाजांत बोलून दाखविली जाते, त्यानें आधीं स्वतःची मान कधीं वर झाली होती काय, तें आठवून पाहावें.

सर्वस्व विकून गरिबांस दे, असें ऐकल्यावर शुभवर्तमानांतील तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन परत गेला. आम्ही त्याला दुबळा म्हणतों. पण तो निदान खिन्न तरी झाला. आपल्या हातून काय सुटलें, हें त्याला कळलें होतें. आम्ही रमाबाईंचें चरित्र वाचतों, डोळे पुसतों, आणि अगदीं संतुष्ट मनानें जेवावयास उठतों.