पाण्याचा दर वाढवा, हिशेब बिलावर छापा

प्रति,
आयुक्त आणि सर्व नगरसेवक,
बृहन्मुंबई महानगरपालिका



मी मुंबईतल्या एका जुन्या सोसायटीचा सचिव. पाण्याचं बिल माझ्याच हातातून जातं, म्हणून लिहितो आहे. माझी मागणी वाचून आमचेच काही सभासद माझ्यावर उखडतील. पाण्याचे दर वाढवा.

खर्च वाढेल तसा दरवर्षी जास्तीत जास्त आठ टक्क्यांपर्यंत दर वाढवायचा, हे धोरण पालिकेनं २०१२ सालीच ठरवलं. २०२२ मध्ये ७.१२ टक्के वाढ झाली. इमारतींना हजार लिटरमागे ५.९४ चे ६.३६ रुपये झाले, झोपडपट्टीत ४.९३ चे ५.२८. पुढच्या वर्षी पुन्हा प्रस्ताव तयार झाला आणि राज्य सरकारनं तो थांबवला. निवडणुका जवळ आल्या होत्या, आणखी काय सांगायचं?

दरवाढ थांबली म्हणून खर्च थांबत नाही. वैतरणा आणि तानसाचं पाणी उतारानं शहराकडे येतं, पण भातसाचं पाणी पिसे इथे उपसून पांजरापूरला चढवावं लागतं. ते पंप रात्रंदिवस चालतात आणि विजेचं बिल निवडणुकांची तारीख बघून येत नाही. शिवाय भातसा आणि ऊर्ध्व वैतरणा ही धरणं राज्य सरकारची, त्यांच्या पाण्याचे पैसे पालिका सरकारला मोजते. म्हणजे पालिकेला पाणी विकणाऱ्यांनीच तिला दर वाढवू नका असं सांगितलं! हा उदारपणा दुसऱ्याच्या खिशातून झाला.

आता घराचा हिशेब बघू. पाच माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर, म्हणजे महिन्याला वीस हजार लिटरच्या आसपास. २०२२ च्या दरानं पाण्याचे १२९ रुपये, त्यावर ७० टक्के मलनिःसारण आकार, म्हणजे आणखी ९०. त्यात आठ टक्के वाढ झाली तरी महिन्याला अठरा रुपयेसुद्धा होत नाहीत. स्टेशनवर एक लिटरची बाटली घेताना आपण दुसऱ्यांदा विचार करत नाही.

मग ओरड का होते? आमच्याकडे गेटजवळच्या खड्ड्यात अख्ख्या इमारतीचा एकच मीटर आहे. काचेवरचा चिखल पुसल्याशिवाय आकडा दिसत नाही. बिल आलं की ते मेंटेनन्समध्ये सगळ्या घरांवर सारखं वाटलं जातं. दोघंच राहणाऱ्या आजी-आजोबांना तेवढेच पैसे आणि रोज गाडी धुणाऱ्यालाही तेवढेच. सर्वसाधारण सभेत पार्किंगवरून गळे धरले जातात, पाण्याचा दर किती हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. स्वस्त पाण्याचा फायदा सगळ्यात जास्त कोण घेतं, तर आम्ही, नळ सोडून गप्पा मारत उभे राहणारे इमारतवाले.

आणि झोपडपट्टीत ज्याच्या दारात नळच नाही त्याला ५.२८ चा दर काय कामाचा? तो ड्रमनं, कॅननं, शेजारच्या वस्तीतून मिळेल त्या भावानं पाणी घेतो. बेकायदा झोपडीत राहणाऱ्यालाही पाणी नाकारता येणार नाही, असं उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं. पालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण यायला २०२२ उजाडलं. म्हणून झोपडपट्टीचा दर आहे तिथेच ठेवा, वाढ आमच्यावर घाला आणि तो पैसा आधी नळ नसलेल्यांना नव्या जोडण्या द्यायला लावा.

मात्र दोन गोष्टींवर मी अडून बसणार आहे.

पहिली सांडपाण्याची. पाण्याच्या बिलावर ७० टक्के ही लहान रक्कम नाही. वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, घाटकोपर, भांडुप आणि वर्सोवा या सात प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते १९ जानेवारी २०२३ ला झालं. सातांची मिळून क्षमता दिवसाला २४६ कोटी लिटर. आम्ही भरलेल्या ७० टक्क्यांतून कुठल्या केंद्राचं काम कुठवर आलं, हे आम्हाला कळायला हवं.

दुसरी गळतीची. शहराला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं, आणि त्यातला मोठा वाटा गळती आणि चोरीत जातो हे पालिकेचे अधिकारीही मान्य करतात. फुटक्या पाइपांचा भुर्दंड वेळेवर बिल भरणाऱ्यावर टाकून ‘खर्च वाढला’ म्हणणं मला पटत नाही.  

बिलाची मागची बाजू कोरीच असेल तर तिथे चार ओळी छापा: तुमच्या वॉर्डात किती पाणी आलं, किती गळलं, किती सांडपाण्यावर प्रक्रिया झाली, नव्या जोडण्या किती दिल्या. एवढं केलंत तर आठ टक्क्यांची वाढ सोसायटीच्या सभेत मंजूर करून घेण्याचं काम माझं.

आपला,
एका सोसायटीचा सचिव