मधमाशी हवी, पोळं नको?

गेल्या मार्चमध्ये आमच्या अंगणातल्या कढीपत्त्यावर फुलोरी माश्यांनी पोळं बांधलं. तळहाताएवढं, एका बारीक फांदीला धरून. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो गेला आणि संध्याकाळी फवारणीवाला दारात हजर. "मुलं खेळतात इथे," एवढ्यावर विषय संपला. मीही काही बोललो नाही. सकाळी फरशीवरच्या माश्या झाडूने गोळा करताना अम्मीने विचारलं, "बेटा, यांनी तुझं काय बिघडवलं होतं?"

आमच्या नांदे गावात भाताची खाचरं जाऊन इमारती आल्या. बांधावरची झाडं गेली आणि त्यांच्या जागी कुंड्यांत अरेका पाम अन् क्रोटन आले. दिसायला हिरवं, पण माशीच्या पोटाला काही नाही. खरं तर तिला फार काही लागत नाही. शेवगा, लिंबू, कढीपत्ता, तुळस. आपल्याकडे सब्जा कबरीवर लावतात. तोच कुंडीत लावा, मंजिऱ्या खुडू नका, मग बघा सकाळी किती गर्दी होते. पसरट थाळीत पाणी ठेवा आणि त्यात खडे टाका, नाहीतर बिचाऱ्या बुडतात. झाड फुलावर असताना औषध मारू नका.

पण फुलं लावणं सोपं आहे. पोळं राहू देणं अवघड.

कुरआनात मधमाशीच्या नावाची अख्खी सूरह आहे, सोळावी, अन्-नहल. तिच्यात माशीला घर करायला डोंगर आणि झाडांबरोबर माणसांनी उभारलेली जागाही सांगितली आहे. मधातल्या शिफाबद्दल बयानात खूप ऐकलं. या तिसऱ्या जागेबद्दल क्वचितच.

आग्या माशीची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. तिचं मोठं पोळं दारात असेल तर जाणकारालाच बोलवावं. पण आग्या हंगाम संपला की स्वतःहून निघून जाते, आणि फुलोरी म्हणजे आग्या नव्हे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथे घरांजवळ सातेरीच्या पेट्या असतात. मुलं तिथेही खेळतातच की.

सोसायटीच्या पुढच्या सभेत मी ठराव मांडतोय: पोळं दिसलं की आधी माशी कुठली ते बघायचं, मग फोन करायचा. आतापर्यंत चार सह्या झाल्यात. त्यातली पहिली अम्मीची.